संत्र्याच्या नवतीवरची नागअळी : ती कशी जगते आणि फवारणीला का दाद देत नाही

मोर्शी तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलं आहे : दीड वर्षाची संत्र्याची कलमं आहेत, धुऱ्यालगत कागदी लिंबाच्या दोन ओळी आहेत. मृगाच्या पावसानंतर फुटलेल्या नवतीवर, म्हणजे नव्या कोवळ्या पालवीवर, चांदीसारखे वळणावळणाचे पट्टे पडलेत आणि पानं आक्रसून वळली आहेत. दोन फवारण्या झाल्या, तरी पुढची पानं तशीच निघतात. घरातले जाणते म्हणतात, ही मोहरीवरच्या करवत माशीचीच जात आहे, आळ्यात पावडर टाक. ही अळी नेमकी कोणती, राहते कुठे, आणि तिचा कायमचा बंदोबस्त होतो का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. कायमचा बंदोबस्त होत नाही, आणि मोठ्या झाडांवर तो करायची गरजही नसते. तुमची कलमं मात्र लहान आहेत आणि शेजारी कागदी लिंबू आहे, म्हणून तुम्हाला लक्ष घालावंच लागेल. त्यासाठी औषधाचं नाव कळून भागत नाही. या किडीचा जीवनक्रम समजला पाहिजे, कारण तो पहिल्यापासून शेवटपर्यंत कोवळ्या पानाशी बांधलेला आहे. पान पक्कं झालं की तिचा तिथला मुक्काम संपतो. तुमच्या दोन फवारण्या वाया का गेल्या, तेही यातूनच उलगडतं.

ही करवत माशी नाही. हा एक अगदी बारीक पतंग आहे, शास्त्रीय नाव फायलोक्निस्टिस सिट्रेला. १८५६ साली स्टेन्टन या इंग्रज अभ्यासकाने त्याचं पहिलं वर्णन केलं, ते कलकत्त्याहून मिळालेल्या नमुन्यांवरून. म्हणजे ही कीड बाहेरून आपल्याकडे आलेली नाही, आपल्याच मुलखातून ती पुढे जगभर गेली. पतंगाची लांबी जेमतेम दोन मिलिमीटर आणि पंख पसरले तर चार मिलिमीटर. पंख चांदीसारखे पांढरे, त्यावर फिकट तपकिरी रेघा, टोकाला एक ठळक काळा ठिपका आणि कडेला लांब केसांची झालर. इतका लहान जीव, तोही संध्याकाळनंतर हिंडणारा, म्हणून बगीच्यात जन्म गेलेल्या माणसांनीही तो पाहिलेला नसतो. आपल्याला दिसतो तो फक्त पानावरचा पट्टा.

तुमच्या घरच्यांचा गोंधळ होणं साहजिक आहे, कारण पानाच्या आत राहून पान खाणारे कीटक एकाच कुळातले नाहीत. पतंग, माश्या, भुंगेरे आणि करवत माश्या या चारही गटांतल्या काही जातींनी ही राहणी स्वीकारलेली आहे. टोमॅटो, काकडीवर जी नागअळी म्हणतात ती माशीची अळी असते. मोहरीवरची करवत माशी तर पान पोखरतच नाही. तिची काळपट अळी पानाला बाहेरून भोकं पाडते, हात लावला की अंगाचं वेटोळं करून खाली पडते, आणि तिच्या पोटाला मांसल पायांच्या आठ जोड्या असतात. पतंगाच्या अळीला अशा जोड्या पाचाच्या वर सहसा नसतात. संत्र्यावरच्या आपल्या अळीला तर पायच नाहीत. करवत माशीचा गण मधमाशी, मुंगी, गांधीलमाशीचा. तिच्या मादीला पोटाच्या टोकाला करवतीसारखा दातेरी अवयव असतो, त्याने ती पानाला चीर पाडून आत अंडं सरकवते.

पान पोखरणाऱ्या करवत माश्याही जगात आहेत. युरोपातल्या बर्च झाडावरची फेनुसा प्युमिला ही त्यांतली प्रसिद्ध. ती १९२३ साली अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये सापडली आणि तिथली बर्चची झाडं उन्हाळ्यात करपल्यागत दिसू लागली. तिची राहणी वाचली की आपल्या अळीची आठवण येते : तीही अंडी घालते ती फक्त नव्याने उलगडणाऱ्या पानात, जून पानाकडे फिरकत नाही. पण दोन मोठे फरक आहेत. तिच्या अळ्या वळणदार रेघ न काढता पानाच्या आत फुग्यासारखा मोठा डाग करतात. आणि पोसलेली अळी पानातून बाहेर पडून जमिनीवर उतरते, मातीत कोष करते. मोहरीवरची करवत माशीसुद्धा कोषासाठी मातीत जाते, म्हणून तिच्यासाठी उन्हाळी नांगरट कामाची ठरते. संत्र्यावरची नागअळी जमिनीवर उतरतच नाही. अंड्यापासून पतंगापर्यंत तिचं सगळं पानावरच उरकतं. आळ्यात पावडर टाकणं, डवरणी करून कोष उघडे पाडणं, हे उपाय तिला लागू पडत नाहीत. तो पैसा वाचवा.

आता तिचा जीवनक्रम. एक दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, शंभर-दोनशे रुपयांत मिळतं, आणि सकाळी नवतीचा एक शेंडा हातात धरा. शेंड्याजवळची सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची पानं उलटी करून मधल्या शिरेच्या कडेने पाहा. तिथे एखादं पारदर्शक, चपटं, पाण्याचा बारका थेंब वाळता वाळता राहावा असं अंडं दिसेल. एका जागी एकच. मादी संध्याकाळी आणि रात्री अंडी घालते, आणि असंच कोवळं पान निवडते. अंडं फुटायला उकाड्याच्या दिवसांत दोन-तीन दिवस पुरतात, थंडीत जास्त लागतात.

अंड्यातून निघालेली अळी पानाच्या पृष्ठभागावर येत नाही. अंडं जिथे चिकटलेलं असतं त्याच बाजूने ती सरळ पानाच्या पापुद्र्याखाली शिरते. हा मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण स्पर्शविषाची फवारणी इथेच फसते. पानावर पडलेल्या औषधावरून ती कधी चालत जातच नाही.

आत गेल्यावर ती पानाचा गर खात नाही. तिचे जबडे चपटे, पात्यासारखे असतात. त्यांनी ती सर्वांत वरच्या थराच्या पेशी कापत जाते आणि त्यातला रस पिते. त्याखालचा हिरवा थर शाबूत राहतो. वरचा पापुद्रा सुटतो, त्याखाली हवा शिरते, आणि म्हणून तो भाग चांदीसारखा चमकतो. पट्ट्याच्या मधोमध एक बारीक काळसर रेघ दिसते, ती तिची विष्ठा. पान उन्हाकडे धरून पट्ट्याच्या रुंद टोकाला पाहिलंत तर पिवळसर हिरवी, चपटी, पारदर्शक अळी डोकं इकडून तिकडे हलवत पुढे सरकताना स्पष्ट दिसते. पूर्ण वाढ झाली तरी ती तीन मिलिमीटरच्या आसपास असते. पट्टा सुरुवातीला दोऱ्याएवढा आणि पुढे रुंद होत जातो, म्हणून कुठून सुरू झाला आणि अळी कुठे असेल हे लगेच ओळखता येतं.

एका पानावर बहुतेक वेळा एक-दोनच अळ्या असतात. प्रादुर्भाव फार असेल तर दोन्ही बाजू भरतात. एक अळी आपला पट्टा सोडून दुसऱ्या पानावर जाऊ शकत नाही, दुसरा पट्टा सुरूही करू शकत नाही. पापुद्रा फाटला आणि ती उघडी पडली तर वाळून मरते. जोरदार पावसात, वाऱ्यात पानं घासून अशा काही मरतात, पण त्यावर विसंबून राहण्याइतक्या नाही.

अळीच्या चार अवस्था असतात. पहिल्या तिघींत ती रस पिते. चौथीत खाणं बंद. तिचा आकार बदलून गोलसर होतो, आणि ती पानाच्या कडेला जाऊन तोंडातून रेशीम काढते. ते रेशीम आवळलं की पानाची कड आतल्या बाजूला दुमडते, आणि त्या दुमडीत कोष तयार होतो. तुमची पानं वळलेली दिसतात त्यामागचं एक कारण हेच. दुसरं कारण म्हणजे वरचा थर मेला आणि खालचा वाढत राहिला की पान वाकडंतिकडं होतं. कोषाच्या डोक्यावर एक टोकदार काटा असतो. पतंग निघायच्या वेळी कोष त्या काट्याने पापुद्रा फोडून अर्धा बाहेर येतो, आणि मागे रिकामं तपकिरी कवच दुमडीतून डोकावत राहतं. ते कवच दिसलं की समजा, पतंग उडून गेला.

अंड्यापासून पतंगापर्यंत हवामानाप्रमाणे १३ ते ५२ दिवस लागतात. आपल्याकडे पावसाळ्यातल्या दमट उबेत हे दोन-अडीच आठवड्यांत उरकतं. म्हणजे मृगाची नवती मागेपुढे फुटत राहिली तर एकाच नवतीवर दोन पिढ्या निघतात, आणि दुसरी पिढी पहिलीपेक्षा कितीतरी मोठी असते. पहिल्या पट्ट्यांकडे शेतकऱ्याचं लक्ष जात नाही. जातं तेव्हा दुसरी पिढी पानात शिरलेली असते.

विदर्भात संत्र्याला नवती मुख्यतः तीन वेळा येते : जानेवारी-फेब्रुवारीत आंबियाच्या फुलांबरोबर, जून-जुलैत मृगाच्या पावसावर, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हस्ताची. नागअळीचा जोर पावसाळी आणि हस्ताच्या नवतीवर सर्वांत जास्त राहतो. एप्रिल-मेच्या उन्हात नवती जवळपास नसते, हवा कोरडी असते, तिची संख्या खाली येते. संपत मात्र नाही. मधल्या काळात ती कुठे राहते, हे तुम्ही विचारलं आहे. पानसोटावर, म्हणजे खोडा-फांद्यांवर अवेळी फुटणाऱ्या जोमदार फुटव्यांवर, राहते. कागदी लिंबावर राहते, कारण लिंबाला पाण्याच्या सोयीने वर्षभर थोडी थोडी पालवी फुटत असते. अंगणातल्या ईडलिंबावर राहते. रोपवाटिकेतल्या जंबेरीच्या, म्हणजे कलमाच्या खुंटासाठी वाढवलेल्या लिंबाच्या, रोपांवर तर तिला बारमाही कोवळं पान मिळतं.

म्हणून कलमं आणताना पाहून आणा. वरूड तालुक्यातल्या शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांतून साऱ्या महाराष्ट्रात आणि बाहेरही संत्र्याची कलमं जातात. कलम चांगलं आहे का हे पाहताना आपण खुंट, डोळा आणि मुळं पाहतो, पानाच्या कडा पाहत नाही. दुमडलेल्या कडेतला कोष कलमाबरोबर गाडीत बसून तुमच्या वावरात उतरतो. अशी पानं तिथेच खुडून टाकायला सांगा.

तुमच्या फवारण्यांकडे येतो. औषधाचं नाव तुम्ही लिहिलं नाही, पण लिहिलं असतं तरी माझं म्हणणं फारसं बदललं नसतं. तुम्ही पट्टे पाहून फवारलंत. पट्टा डोळ्यात भरण्याइतका मोठा झाला तेव्हा अळी एक तर शेवटच्या अवस्थेत होती किंवा दुमडीत जाऊन बसली होती. तिथे काहीही पोचत नाही. दुसरं असं की, फवारल्यानंतर चार दिवसांनी जे पान उलगडलं त्यावर औषध नव्हतंच. नवतीचा शेंडा रोज नवी पानं काढतो आणि मादीला नेमकी तीच हवी असतात. आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते : त्या फवारणीत अळीचे वैरी मेले.

हे वैरी म्हणजे युलोफिडी कुळातल्या मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या गांधीलमाश्या. माणसाला त्या चावत नाहीत, दिसतही नाहीत. त्यांची मादी पट्ट्यावर फिरून आतल्या अळीचा ठाव घेते, पापुद्र्यातून नांगी खुपसते, अळीला लुळी करते आणि तिच्या अंगावर अंडं घालते. त्यातून निघालेलं पिल्लू अळी खाऊन तिथेच पट्ट्यात कोष करतं. काही वेळा ही मादी अंडं न घालता नुसती अळीला भोसकून तिच्या अंगातला रस पिते, तरी अळी मरते. सिट्रोस्टिकस फायलोक्निस्टॉइडिस ही यांतली एक आशियातली जात. स्पेनमध्ये नागअळी शिरली तेव्हा नव्वदच्या दशकात त्यांनी ही जात मुद्दाम नेऊन सोडली, आणि पुढे तिनेच तिथला मोठा भार उचलला.

फ्लोरिडाची गोष्टही अशीच. तिथे नागअळी १९९३ च्या मे महिन्यात पहिल्यांदा आढळली आणि वर्षभरात संत्र्याच्या साऱ्या पट्ट्यात पसरली. नवा मुलूख, तिला ओळखणारे शत्रू थोडे. मग १९९४ मध्ये मूळ थायलंडची एजेनिआस्पिस सिट्रिकोला ही परोपजीवी माशी आणून सोडली. तिची गंमत अशी की तिच्या एका अंड्यातून अनेक पिल्लं तयार होतात, आणि त्यांचे कोष नागअळीच्या दुमडीत एका ओळीत लागलेले दिसतात. त्या देशांना जे वैरी विमानाने आणावे लागले, त्यांच्या भाऊबंदांची वस्ती आपल्या बगीच्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे. दुकानातून दोन-तीन औषधं एकत्र कालवून दर पंधरा दिवसांनी मारली की ती वस्ती उठते, आणि नागअळी पापुद्र्याखाली सुखरूप राहते. माझ्या पाहण्यात जे बगीचे नागअळीने सगळ्यांत बेजार असतात, ते बहुधा सगळ्यांत जास्त फवारलेले असतात.

तुमच्या वावरात हे वैरी किती काम करतायत, ते तुम्ही स्वतः तपासू शकता. वेगवेगळ्या झाडांवरची पट्टे पडलेली पंधरा-वीस पानं तोडा. दुमडीतून तपकिरी कवच डोकावत असेल तर तिथून पतंग निघाला. पट्ट्याला किंवा दुमडीला बारीक गोल भोक असेल तर तिथून परोपजीवी माशी निघाली. पट्ट्यात आखडलेली, तपकिरी पडलेली अळी किंवा उघडा काळसर कोष दिसला तर तेही वैऱ्याचंच काम. गोल भोकं आणि मेलेल्या अळ्या निम्म्याच्या वर भरल्या तर पंप खाली ठेवा, असं मी सांगतो. क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या मित्रकिडीची अळी, कोळी आणि मुंग्यासुद्धा पापुद्रा फाडून अळ्या खातात. अशा पट्ट्याला गोल भोक नसतं, पापुद्रा ओरबाडलेला दिसतो.

पाच-सहा वर्षांच्या वरच्या, भरल्या झाडाला नागअळीसाठी म्हणून फवारू नका. अशा झाडावर जून पानांचा भरणा मोठा असतो, नवतीची काही पानं वाकडी झाली तरी झाड ते सोसतं आणि फळावर त्याचा फरक सहसा दिसत नाही. पट्टे पडलेलं पानही खालच्या हिरव्या थरामुळे काम करत राहतं, म्हणून ते दिसायला वाईट दिसतं एवढ्यावरून छाटू नका. पावसाळ्यात अशी छाटणी केली की तिथून आणखी नवी पालवी फुटते, म्हणजे आपणच तिला चारा वाढतो. पानसोट मात्र काढत राहा. ते अवेळी कोवळे असतात आणि झाडाच्या काहीच कामाचे नसतात.

दीड वर्षाच्या कलमाचं तसं नाही. त्याच्याकडे एकूण पानंच थोडी, आणि जी आहेत त्यातली निम्मी नवतीची. तीच आकसली तर फांद्यांची वाढ खुंटते आणि सांगाडा बसायला उशीर लागतो. इथे नवती सांभाळायची.

पहिलं काम खताचं आणि पाण्याचं. ठिबकमधून दर चार दिवसांनी थोडा थोडा युरिया दिला की झाड थांबून थांबून सतत पालवत राहतं. एक फांदी पक्की होते तोवर दुसरी फुटते, आणि पतंगाला खंड असा पडत नाही. नत्र नवतीच्या तोंडाशी द्या, म्हणजे सगळी झाडं एकदम फुटतील, एकदम पक्की होतील, आणि मग काही आठवडे तिला अंडी घालायला पानच मिळणार नाही. मोठ्या झाडांना बहारासाठी पाणी तोडून ताण देतो तेव्हा हे आपोआप घडतं. लहान कलमांना ताण द्यायचा नसतो, पण खताची वेळ आपल्या हातात असते.

दुसरं काम पाहणीचं. शेंडे बोटभर झाले, पहिली पानं उलगडू लागली की एकाआड एक दिवस चार-पाच झाडं भिंगाने पाहा. अंडी किंवा दोऱ्याएवढे पट्टे दिसले की तीच वेळ. पाच टक्के निंबोळी अर्क फवारा : पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी फडक्यातून पिळून गाळायच्या, २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून घालायचा आणि एकूण १०० लिटर पाणी करायचं. फवारणी संध्याकाळी करा. कडुनिंबातला घटक उन्हाने लवकर उतरतो, आणि पतंग फिरतो तोही त्याच वेळी. पानाच्या खालची बाजू भिजली पाहिजे. निंबोळीचा मुख्य उपयोग मादीला अंडी घालण्यापासून परावृत्त करण्याचा आहे, आतल्या मोठ्या अळीवर तिची फार मदार नको. म्हणून नवती पक्की होईपर्यंत आठवड्याने एक अशी ती पुन्हा घ्यावी लागते. निंबोळ्या मे-जूनमध्ये गावात फुकट पडतात, वाळवून ठेवा.

एवढं करूनही कलमाच्या बहुतेक शेंड्यांवर ताजे पट्टे दिसत असतील, तर आंतरप्रवाही, म्हणजे पानाच्या आत भिनणाऱ्या, कीटकनाशकाची एक फवारणी. इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएलच्या लेबलवर लिंबूवर्गीय पिकातली पाने पोखरणारी अळी आणि सिला ही रस शोषणारी कीड, दोन्ही आहेत. मात्रा लेबलवरचीच घ्या, दुकानदाराने वाढवून सांगितली तरी ऐकू नका, आणि त्यात दुसरं काही मिसळू नका. झाड फुलोऱ्यात असताना हे औषध अजिबात नको, मधमाश्या मरतात. एका नवतीला एकदाच, आणि पुढच्या नवतीला लगेच तेच नाही. हातमोजे, तोंडाला मास्क, अंगभर कपडे, वाऱ्याच्या दिशेने फवारणी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. मजुराच्या पाठीवर पंप देताना हे सगळं त्यालाही पुरवा.

भिंग हातात आहेच तर नवतीवर सिलाही शोधा. चपटी पिवळसर पिल्लं शेंड्याला आणि कोवळ्या देठांना चिकटून बसतात आणि त्यांच्या मागून पांढऱ्या, कुरळ्या मेणासारख्या तारा निघतात. सिला ग्रीनिंग रोग पसरवते, आणि त्या रोगाला इलाज नाही. त्यामुळे नवतीत फवारायचं की नाही हे ठरवताना मी नागअळीपेक्षा सिलाला जास्त वजन देतो. सिला असेल तर वरची आंतरप्रवाही फवारणी दोघींना लागू पडते.

राहिलं तुमचं कागदी लिंबू, आणि तुमच्या वावरात मला खरी काळजी त्याची आहे. खैऱ्या रोगाचे जिवाणू, झॅन्थोमोनास सिट्री, पानाच्या छिद्रांतून आणि जखमांतून आत शिरतात. नागअळीचा पट्टा म्हणजे लांबलचक उघडी जखम. पावसाच्या थेंबांनी जिवाणू उडून त्यात पडले की खैऱ्याचे खरबरीत, पिवळ्या वलयाचे ठिपके थेट पट्ट्याच्या वळणाने उठतात. संत्रा खैऱ्याला बऱ्यापैकी टिकतो, कागदी लिंबू टिकत नाही. पानावरून तो कोवळ्या फांदीवर आणि फळावर जातो, आणि डाग पडलेल्या लिंबाला बाजारात कोणी विचारत नाही.

तेव्हा लिंबाच्या त्या दोन ओळी आजच पाहून घ्या. पट्ट्याच्या कडेला तपकिरी खरबरीत ठिपके असतील तर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा : मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो, पाणी १०० लिटर. दोन्ही वेगळे विरघळवा, मोरचुदाला लोखंडी भांडं वापरू नका. मिश्रण झालं की त्यात घासलेला लोखंडी विळा क्षणभर बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी चुन्याची निवळी घाला, नाहीतर कोवळी पानं करपतील. मिश्रण त्याच दिवशी संपवा. निंबोळी अर्क किंवा कीटकनाशक यात कालवू नका, मध्ये काही दिवस जाऊ द्या. पावसाळ्यात लिंबाची छाटणी करू नका. खैऱ्याने डागाळलेल्या फांद्या हिवाळ्यात, झाड विसाव्यात असताना, हवा कोरडी असताना काढा, काढलेल्या फांद्या वावराबाहेर नेऊन जाळा, आणि छाटलेल्या झाडांवर लगेच बोर्डोचा हात फिरवा. संत्र्याच्या कलमांत आणि लिंबात तीच हत्यारं वापरत असाल तर मध्ये ती धुऊन घ्या.